अक्षयनीवी आणि कॅलिफोर्नियातील विद्यापीठांच्या पूरक संस्था

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या शासकीय विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द समाविष्ट केला. त्या वेळी तेवीस परिसर आणि साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थी असलेल्या या विद्यापीठाच्या निर्णयाचे आंबेडकरी समाजात ठिकठिकाणी स्वागत झाले. सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाला जात हे विषमतेचे एक कारण आहे असे लेखी मान्य करावे लागले, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि हा शब्द ज्या मार्गाने त्या धोरणात गेला, त्या मार्गाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या, कायद्याने विद्यापीठापासून वेगळ्या नोंदलेल्या आणि नफा न वाटणाऱ्या मंडळांच्या सभागृहांतून तो मार्ग गेला होता. अशा संस्थांना तिकडे विद्यापीठाच्या पूरक संस्था म्हणतात. त्यांचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. तो मांडताना आपल्याच नाशिकच्या लेण्यांतील एका भिंतीपाशी आम्हांला थांबावे लागणार आहे.

प्रथम या संस्था म्हणजे काय ते पाहू. कॅलिफोर्नियातील शासकीय महाविद्यालयांची परंपरा १८५७ साली सुरू झालेल्या एका शिक्षक-प्रशिक्षण शाळेपर्यंत जाते. आजचे सॅन होजे येथील विद्यापीठ हे तिचेच वाढलेले रूप होय. पुढे राज्यभर अशी महाविद्यालये निघाली आणि १९६० च्या डोनाहो कायद्याने ती सर्व एका विश्वस्त मंडळाखाली आली. शासनाचे महाविद्यालय म्हटले की शासनाचे नियम आलेच. विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा मंजूर केलेल्या कामावर आणि ठरलेल्या मुदतीत खर्च व्हावयास हवा. अशा पैशातून दुकान चालविणे, विद्यार्थ्याला भांडवल उसने देणे, एखाद्या दात्याने दिलेली रक्कम पिढ्यान्‌पिढ्या राखून तिच्या व्याजातून शिष्यवृत्ती देणे, ही कामे शासकीय खात्याच्या चौकटीत बसत नाहीत. विद्यार्थ्याला मात्र पुस्तक लागते, जेवण लागते, राहावयास खोली लागते. हा पेच सोडविण्यासाठी परिसराच्या आतच, पण शासनाच्या तिजोरीच्या बाहेर, स्वतंत्र नोंदणीच्या संस्था उभ्या राहिल्या.

त्यांचे एक जुने आणि आम्हांला विशेष बोलके वाटणारे उदाहरण सॅन लुइस ओबिस्पो येथील कृषी व तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयाचे आहे. तेथे १९४० साली एक प्रतिष्ठान स्थापन झाले. शेतकी शिकणाऱ्या मुलाने डुकरे, कोंबड्या अथवा गुरे स्वतः पाळावीत, पीक स्वतः काढावे, माल बाजारात विकावा आणि हिशेब मांडावा, अशी त्या महाविद्यालयाची शिक्षणपद्धती होती. गरीब घरच्या मुलाने पिले विकत घेण्यासाठी भांडवल आणावे कोठून? शासन ते देऊ शकत नव्हते, प्रतिष्ठान देई. माल विकला की प्रतिष्ठानचा पैसा परत येई आणि उरलेल्यात विद्यार्थ्याचा वाटा असे. सावकाराच्या दारात न जाता शिकता यावे, एवढी साधी सोय ती होती. ज्यांच्या आजोबांनी सावकाराचा उंबरठा झिजविला आहे, त्या आमच्या वाचकांना तिचे मोल सांगावयास नको.

पुढे कायद्याने या संस्थांची कामे ठरवून दिली. विद्यार्थी मंडळे, पुस्तकांची दुकाने, भोजनगृहे, वसतिगृहे, विद्यार्थी भवने, संशोधनासाठी येणाऱ्या अनुदानांची व्यवस्था, कर्ज व शिष्यवृत्ती निधी, देणग्या, माजी विद्यार्थ्यांचे संघ इत्यादी कामे त्यांच्याकडे आली. विश्वस्त मंडळाशी त्यांचा लेखी करार असतो. दरवर्षी बाहेरच्या हिशेबतपासनिसाकडून तपासणी करून घ्यावी लागते. शिल्लक उरेल ती परिसराच्याच कामी लावावी लागते. त्यांचे नोकर शासनाचे नोकर मानले जात नाहीत. भोजनगृहात ताट वाढणारा माणूस विद्यापीठाच्या आवारात राबतो, परंतु त्याचा पगार दुसऱ्या खात्यातून निघतो. ही दुहेरी रचना सोयीची आहे खरी, पण तिची एक बाजू सदैव अंधारात राहण्याचा धोकाही आहे. त्याकडे आम्ही पुढे वळू.

या संस्थांपैकी विद्यार्थी मंडळांचे प्रकरण सर्वांत निराळे आहे. विद्यार्थी स्वतः भरीत असलेल्या शुल्कातून मंडळाचा निधी जमतो आणि तो कशावर खर्च करावा हे विद्यार्थ्यांचे निवडलेले प्रतिनिधी ठरवितात. सहलींवर, क्रीडासामन्यांवर आणि नाचगाण्यांवर तो खर्च होईल अशी सर्वांची अपेक्षा असते, आणि बहुतेक ठिकाणी होतोही तसाच. परंतु १९६० नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये निराळे घडले. तेथे १९६६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली. शहरातील गरीब वस्त्यांतील मुलांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी जाऊन शिकवावे असा उपक्रम विद्यार्थी मंडळाच्या पैशातून चालत होता. त्याच पैशावर 'प्रयोगशील महाविद्यालय' या नावाने एक समांतर अभ्यासक्रमही चालला. प्रस्थापित विभाग जे शिकवीत नसत, ते तेथे शिकविले जाई. कृष्णवर्णीयांचा इतिहास व विचार यांवरील पहिले वर्ग या परिसरात भरले ते तेथेच. विद्यापरिषदेच्या मंजुरीची वाट न पाहता, विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून एक ज्ञानशाखा उभी राहत होती.

नोव्हेंबर १९६८ मध्ये त्या महाविद्यालयात संप सुरू झाला. इंग्रजीचे कृष्णवर्णीय अध्यापक जॉर्ज मरे यांना निलंबित केल्याचे निमित्त झाले. हे मरे ब्लॅक पँथर पक्षाचे शिक्षणविषयक पदाधिकारी होते; त्याच पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मास आली, हे वाचकांना ठाऊकच आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या दहा आणि तिसऱ्या जगातील विद्यार्थ्यांच्या आघाडीच्या पाच, अशा पंधरा मागण्या होत्या. त्यांतील मुख्य मागणी स्वतंत्र विभाग आणि प्रवेशात न्याय ही होती. संप जवळजवळ पाच महिने चालला, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, शेकडो विद्यार्थ्यांना अटक झाली. मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी तेथे वांशिक अध्ययनाची स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली.

या विजयाची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यातील पैशाची कथा मात्र मागे पडते. संप चालू असताना शासनाने विद्यार्थी मंडळाच्या निधीवर बोट ठेवले. या निधीचा गैरवापर होत आहे असा दावा राज्याच्या महाधिवक्त्यांच्या वतीने न्यायालयात करण्यात आला आणि १९६९ मध्ये मंडळाचा निधी न्यायालयाने नेमलेल्या ग्राहकाच्या ताब्यात गेला. विद्यार्थ्यांनी आपल्या शुल्कातून उभारलेली तिजोरी विद्यार्थ्यांच्या हातातून गेली. नाचगाण्यांवर खर्च होत होता तोपर्यंत त्या तिजोरीच्या कुलपाकडे कोणी पाहिले नव्हते, वस्तीतील मुलांच्या शिकवणीवर होऊ लागताच ते सर्वांना दिसले. गैरवापर अजिबात झाला नसेल असे आम्ही म्हणत नाही. चळवळीच्या धामधुमीत हिशेबाची वही मागे राहते, हा अनुभव आपल्याही संघटनांना नवा नाही. पण वेगळी नोंदणी आणि वेगळे खाते असले म्हणजे स्वातंत्र्य आलेच, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आता अंधाऱ्या बाजूकडे. फ्रेस्नो येथील परिसरात एक मोठे क्रीडागार बांधावयाचे ठरले. त्यातील खास कक्ष कोणी व किती पैसे देऊन राखून ठेवले, ही माहिती तेथील वृत्तपत्राने मागितली. हे काम पूरक संस्थेकडे होते. २००१ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की, पूरक संस्था ही कायद्याच्या व्याख्येनुसार शासनाचे अंग नाही, म्हणून सार्वजनिक दस्तऐवजांचा कायदा तिला लागू होत नाही; विद्यापीठाच्या स्वतःच्या ताब्यातील कागद मात्र विद्यापीठाने दाखवावेत. हा निष्कर्ष कायद्याच्या हेतूशी विसंगत दिसतो हे न्यायालयानेच मान्य केले होते, परंतु कायदा बदलणे हे विधिमंडळाचे काम आहे असे त्याने म्हटले. सोनोमा येथील प्रतिष्ठानाने आपल्याच माजी संचालकाला साडेबारा लाख डॉलरचे कर्ज दिल्याचे प्रकरण २००९ मध्ये गाजले. २०१० मध्ये स्टॅनिस्लॉस येथील प्रतिष्ठानाने एका राजकीय नेत्या सारा पेलिन यांना निधिसंकलनाच्या भोजनप्रसंगी व्याख्यानासाठी बोलाविले आणि मानधनाचा आकडा सांगण्यास नकार दिला. तेव्हा काही विद्यार्थ्यांना त्या कराराची पाने परिसरातील कचराकुंडीत सापडली. मानधन पंच्याहत्तर हजार डॉलर होते, हे पुढे उघड झाले. चौकशीत निधीचा अपहार सिद्ध झाला नाही, ही गोष्टही न्यायाने नोंदविली पाहिजे. विद्यापीठाने कागद दडविणे मात्र न्यायालयाला मान्य झाले नाही.

या प्रकरणांनंतर विधिमंडळाने पूरक संस्थांचे कागद जनतेला खुले करणारे विधेयक दोनदा मंजूर केले आणि राज्यपाल श्वार्झनेगर यांनी २००९ व २०१० मध्ये ते दोनदा नाकारले. २०११ मध्ये राज्यपाल ब्राउन यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी २०१२ पासून 'रिचर्ड मॅकी पारदर्शकता कायदा' अमलात आला. ज्या दात्याला आपले नाव गुप्त ठेवावयाचे असेल त्याला त्यात सवलत आहे. परंतु दानाच्या बदल्यात त्याने काही लाभ घेतला असेल तर ती सवलत राहत नाही. दान आणि सौदा यांतील भेद ओळखण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो आम्हांला योग्य वाटतो.

येथे आम्हांला नाशिकच्या लेण्यांची आठवण होते. त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. वर्ष ४२ असा त्याचा उल्लेख असून तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील आहे. चातुर्दिश भिक्खुसंघाला हे लेणे अर्पण करताना त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे जिचे मूळ कधीही खर्चावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी ठेव. ही रक्कम त्याने संघाच्या हाती दिली नाही. गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार आणि विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार अशी ती ठेविली. पहिल्या रकमेवर दरमहा शेकडा एक आणि दुसरीवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. वाचकांनी स्वतः हिशेब करून पाहावा: दोन हजारांवर शेकडा एक दराने महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्खूंचे प्रत्येकी बाराप्रमाणे दोनशे चाळीस. एकही कार्षापण इकडे-तिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे व्याज किरकोळ गरजांसाठी होते. आणि हे सर्व निगमसभेत जाहीर करून, रिवाजाप्रमाणे नोंदणी-फलकावर नोंदविले असल्याचे तो लेखच सांगतो.

पैसा संघाकडे न देता तिऱ्हाइताकडे का ठेविला, याचे उत्तर विनयपिटकात आहे. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये असा नियम आहे. चीवरासाठी कोणी मूल्य पाठविलेच, तर ते वेय्यावच्चकर म्हणजे संघाची व्यवस्था पाहणारा उपासक अथवा आरामसेवक याच्याकडे द्यावे. भिक्खूने त्याला ठराविक वेळाच आठवण द्यावी, तगादा लावू नये. आणि तरीही चीवर मिळाले नाही तर ज्याने मूल्य पाठविले त्या दात्याकडे स्वतः जाऊन अथवा निरोप पाठवून, तुमचे धन आमच्या उपयोगी पडले नाही, ते तुम्ही परत मिळवा, असे कळवावे. संस्थेला जे काम स्वतःच्या नियमामुळे करता येत नाही ते दुसऱ्याने करावे, परंतु दात्याचे धन हरवू नये याची काळजी संस्थेनेच वाहावी, हा त्याचा अर्थ होय. कॅलिफोर्नियातील महाविद्यालयाला शासनाचे नियम जे करू देत नव्हते त्यासाठी पूरक संस्था निघाल्या. तिकडे आणि इकडे पेच एकाच जातीचा आहे. कारण मात्र भिन्न आहे, हे विसरू नये. तेथे नियम तिजोरीच्या रक्षणासाठी आहेत, विनयाचा नियम चित्ताच्या रक्षणासाठी आहे.

उषवदाताविषयी भाबडेपणाने लिहिण्याचे कारण नाही. त्याने ब्राह्मणांनाही सोळा गावे आणि लाखो गाई दिल्याचे तेच लेणे सांगते. राजकुळातील माणूस सर्वांनाच देत असतो. आमच्या मते महत्त्वाची गोष्ट ठेव कोणाकडे ठेविली ही आहे. त्याच डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने संघातील आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अशीच अक्षयनीवी दिली आणि ती गोवर्धनातील श्रेणींकडे ठेविली. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेली होते. विणकर, तेली, यंत्रकार: पुढच्या काळातील धर्मशास्त्रांनी ज्यांना हीन ठरविले त्या श्रमिकांच्या श्रेणी धम्माच्या ठेवी सांभाळीत होत्या, आणि राजाचा जावई त्यांच्यावर विश्वास टाकीत होता.

याउलट नालंदा महाविहाराकडे पाहा. ह्युएनत्संगाच्या चरित्रात शंभर गावांचे उत्पन्न त्यास लावून दिल्याचे आणि दोनशे कुटुंबे रोज तांदूळ, लोणी, दूध पुरवीत असल्याचे वर्णन आहे. इत्सिंगच्या वेळी गावांची संख्या दोनशेहून अधिक झाली होती. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने तेथे विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पालराजा देवपाल याने पाच गावे दिली. त्यांचे उत्पन्न भिक्खूंच्या निर्वाहासाठी, औषधांसाठी आणि ग्रंथांच्या लेखनासाठी होते. वैभव मोठे होते; पण ते राजाच्या आज्ञेवर उभे होते. आज्ञा देणारे राज्य गेले की गावेही जातात. श्रेणींच्या ठेवीही कायम टिकल्या असे नाही, कारण श्रेणीच लयास गेल्या. तरीही एका राजाच्या मर्जीपेक्षा विणकरांच्या बांधिलकीवर विसंबणारी व्यवस्था आम्हांला अधिक लोकाभिमुख वाटते.

आता पुन्हा २०२१ कडे येऊ. कॅलिफोर्नियातील परिसरांत दक्षिण आशियातून आलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबरोबर जातही गेली आहे. आडनाव विचारणे, गाव विचारणे, मग वागणूक बदलणे, ही रीत तेथेही चालते असे दलित विद्यार्थी सांगू लागले. त्यांत नेपाळमधून आलेल्या दलित विद्यार्थ्यांचा पुढाकार होता, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने नोंदविली पाहिजे. सॅन लुइस ओबिस्पो येथील विद्यार्थी मंडळाने जातिभेदाविरुद्ध ठराव केला. ज्या परिसरात १९४० साली मुलांना पिलांसाठी भांडवल देणारे प्रतिष्ठान निघाले होते तोच हा परिसर. एप्रिल २०२१ मध्ये सर्व तेवीस परिसरांच्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या राज्यव्यापी विद्यार्थी संघटनेने तशीच मागणी करणारा ठराव संमत केला. प्राध्यापकांच्या कामगार संघटनेनेही आपल्या सेवाकरारात जातीचा उल्लेख आणला. अखेर जानेवारी २०२२ मध्ये धोरणातील वंश व वांशिकता या कलमात वर्ण आणि पूर्वज यांच्या जोडीने जात हा शब्द लिहिला गेला.

विरोध झालाच. ऐंशीच्या आसपास प्राध्यापकांनी विश्वस्त मंडळाला पत्र लिहून हा शब्द काढावा अशी मागणी केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठातील भारतीय वंशाच्या दोन प्राध्यापकांनी फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. जात या शब्दाने हिंदू धर्मालाच लक्ष्य केले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. जात म्हणजे आमचा धर्म नव्हे असे एकीकडे म्हणावयाचे आणि जातीचे नाव काढताच धर्मावर आघात झाला असे दुसरीकडे म्हणावयाचे, ही भूमिका बाबासाहेबांच्या वाचकांना नवी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या न्यायालयाने दावा फेटाळला. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, संपूर्ण राज्यासाठी जातिभेदास बंदी करणारे आयशा वहाब यांचे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असताना राज्यपाल न्यूसम यांनी नाकारले. अस्तित्वात असलेल्या कायद्यांत हे संरक्षण आधीच आहे, असे कारण त्यांनी दिले.

म्हणजे जे राज्याच्या विधिमंडळाला साधले नाही ते विद्यार्थी मंडळांच्या ठरावांनी सुरू झालेल्या मार्गाने विद्यापीठात साधले. ही मंडळे पुस्तकांच्या, भोजनाच्या आणि क्रीडासाहित्याच्या व्यवहारांत गुंतलेली असतात, त्यांच्या निवडणुकांत थोडेच विद्यार्थी मत देतात, आणि दरवर्षी त्यांचे सभासद बदलतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ साली त्यांच्याच जातकुळीच्या एका मंडळाची तिजोरी काढून घेण्यात आली होती. २०२१ साली ठरावांसाठी तिजोरीची फारशी गरज लागली नाही; लागले ते सभागृह, मतदानाचा अधिकार आणि आपली जात उघडपणे सांगावयास उभे राहिलेले काही विद्यार्थी.